पडद्यामागचे माहितीपट : वाचकांच्या शंका

चित्रपट कसे घडतात हे दाखवणारे चांगले माहितीपट सुचवावेत, अशी विनंती करणारी पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात आणि त्यांतील बहुतेकांत एकच गोंधळ असतो. चित्रपटाची जाहिरात आणि चित्रपटाविषयीचा माहितीपट या दोन्ही गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जात आहेत. म्हणून या वेळी निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न (शहादा) : गाजलेल्या चित्रपटांचे ‘मेकिंग’ मी झाडून सारे पाहिले. तरीही चित्रपट कसा करतात हे कळल्यासारखे वाटत नाही. माझे काय चुकते?

आपले काही चुकत नाही. आपण जाहिराती पाहिल्या आहेत. ‘मेकिंग’ या नावाखाली येणारा मजकूर बहुधा निर्मात्याच्याच प्रसिद्धीखर्चातून तयार होतो. नायक दिग्दर्शकाची स्तुती करतो, दिग्दर्शक नायकाच्या मेहनतीची, आणि मधूनमधून क्रेन वर जाताना दिसते. त्यात कोणाचे काही चुकत नाही, कोणाचे कोणाशी भांडण होत नाही आणि पैसे तर कधीच संपत नाहीत. ज्यांनी साधे गॅदरिंगचे नाटक बसवले आहे, त्यांनाही हे खोटे असल्याचे कळेल.

फरक समजून घ्यायचा असेल तर ‘लॉस्ट इन ला मांचा’ (२००२) पाहावा. कीथ फुल्टन आणि लुई पेपे हे दोघे टेरी गिलियम यांच्या डॉन किहोतेवरील चित्रपटाचे ‘मेकिंग’ करण्यासाठीच गेले होते. पण चित्रीकरण सुरू होताच पुराच्या लोंढ्याने सामान वाहून नेले, मुख्य नट पाठीच्या दुखण्याने घोड्यावर बसेनासा झाला, आणि चित्रपटच बंद पडला. विकायला चित्रपट उरला नाही, म्हणून खरा माहितीपट हाती आला. कॅमेरा घरचा असला म्हणून माहितीपट वाईट ठरतो असेही नाही. ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ (१९९१) मधील फिलिपाइन्समधले चित्रण ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटाचे दिग्दर्शक कपोला यांच्या पत्नी एलिनॉर यांनी केलेले आहे. मात्र ते बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांनी संकलित केले. म्हणूनच वादळाने मोडलेले सेट, नायक मार्टिन शीन यांना आलेला हृदयविकाराचा झटका आणि २३८ दिवसांपर्यंत लांबलेले चित्रीकरण हे सारे त्यात राहिले. यापुढे काहीही पाहण्यापूर्वी त्याचा खर्च कोणी केला, हे श्रेयनामावलीत तपासावे.

प्रश्न (धुळे) : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हे माहितीपटच ना?

नाहीत. दोन्ही कथाचित्रपट आहेत.

प्रश्न (अमळनेर) : इंग्रजी माहितीपट डोक्यावरून जातात. आपल्या भागातले, आपल्याला कळेल असे काही आहे का? आम्ही मित्र अहिराणी लघुपट करतो.

आहे, आणि खरे तर सुरुवात तेथूनच करावी. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा तासाभराचा माहितीपट आहे. मालेगाव जिल्ह्याने नाशिकचे असले तरी तेथील हातमाग, यंत्रमाग, उकाडा आणि बोली यांचे नाते आपल्याशीच आहे. शेख नासिर आणि त्यांची मंडळी अत्यल्प पैशात सुपरमॅनचे विडंबन चित्रित करत आहेत. नायक यंत्रमागावर काम करणारा, अंगाने अगदी काटकुळा. ट्रॉली नाही म्हणून कॅमेरामन सायकलवर बसतो आणि दुसरा ती ढकलतो. सुपरमॅन उडवायचा असल्याने हिरवे कापड ताणून त्यापुढे नायकाला आडवा धरतात. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. तो क्षण मी अनेकदा पाहिला आहे. उपकरण नसताना दृश्याची गरज कशी भागवावी, याचा इतका प्रामाणिक पाठ मला अन्यत्र मिळालेला नाही.

त्यानंतर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) पाहावा. महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजचे अखेरचे दिवस त्यात आहेत. गंजलेला प्रोजेक्टर, वेळेवर न पोहोचलेली रिळांची पेटी, बाहेर ताटकळणारी गर्दी, आणि शेवटी रिळांच्या जागी आलेला संगणक. सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांनी तंबूत पुढच्या रांगेत धुळीत बसून सिनेमा पाहिला आहे, त्यांना यातील काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या लघुपटांबद्दल एवढेच सांगतो की, स्वतःच्या मंडळींवर माहितीपट करायचा झाल्यास आधी प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी आणि तिचा मसुदा एखाद्या वकिलाला दाखवावा. मैत्रीत लिहून कशाला घ्यायचे, असे म्हणणारेच पुढे भांडतात.

प्रश्न (भुसावळ) : कोणा जर्मन दिग्दर्शकाने खरोखरीचे जहाज डोंगरावरून ओढत नेले, असे आमच्या कट्ट्यावर सांगतात. ही थापच असणार.

थाप नाही; पण कट्ट्यावर ऐकण्याऐवजी पाहिले असते तर पत्राचा खर्च वाचला असता. लेस ब्लँक यांचा ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ (१९८२) हा माहितीपट वेर्नर हर्झोग यांच्या ‘फिट्झकराल्डो’च्या चित्रीकरणावर आहे. पेरूच्या जंगलात ३०० टनांहून जड आगबोट टेकडीवरून पलीकडे नेली गेली. ज्या रबर व्यापाऱ्यावरून ही कथा सुचली, त्याने स्वतःची बोट सुटी करून तुकड्यातुकड्यांनी नेली होती. हर्झोग यांनी अखंड नेली. बरेच चित्रण झाल्यावर मूळ नायक जेसन रॉबर्ड्स आजारपणामुळे सोडून गेला आणि क्लाउस किन्स्कीला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हा हट्ट योग्य की अयोग्य, हे माहितीपट सांगत नाही, आणि तेच बरे आहे.

प्रश्न (जळगाव) : नऊ वर्षांच्या मुलीबरोबर यांपैकी काय पाहता येईल?

‘सिनेमा ट्रॅव्हलर्स’. ‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ नको, त्यात रेड्याचा बळी दिलेला दिसतो. कोणताही माहितीपट आधी आपण एकट्याने पाहावा.

प्रश्न (चाळीसगाव) : आमच्या आजोबांचा तंबू टॉकीज होता. माळ्यावर रिळांचे दहा-बारा डबे पडून आहेत, उघडले की व्हिनेगरसारखा वास येतो. एक दुकानदार ‘सगळे पेन ड्राइव्हवर करून माहितीपट बनवून देतो’ म्हणतो. दिवाळीनंतर द्यावे असा विचार आहे.

दिवाळीपर्यंत थांबू नये आणि दुकानदाराला तर डबे दाखवूही नयेत. हे पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही, तेव्हा उत्तर लांबले तरी क्षमा असावी.

तो वास म्हणजे फिल्म मरत असल्याची खूण आहे. ॲसिटेटची फिल्म उष्णता आणि दमटपणामुळे विघटित होऊ लागते, तेव्हा तिच्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते. ते आम्लच पुढचे विघटन वेगाने घडवते आणि शेजारच्या धडधाकट रिळांनाही तीच वाट दाखवते. फिल्म आक्रसते, वाकते, आणि मग कोणत्याही यंत्रातून जात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्या डब्यांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

दुसरा धोका याहून मोठा आहे. साधारण १९५१ पर्यंत नायट्रेटची फिल्म वापरात होती. ती भडकून पेटते, आणि जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्यातच असल्याने पाण्यातही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ (म्हणजे न भडकणारी फिल्म) असे छापलेले दिसले म्हणजे निर्धास्त व्हावे, असे सांगणारे भेटतील. पण प्रत काढताना मूळ फिल्मवरची अक्षरेही उतरू शकतात, त्यामुळे ती खूण अंतिम नाही.

हे सारे कशासाठी सांगतो आहे, ते शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) पाहिल्यावर कळेल. पुण्याचे संग्रहालय १९६४ मध्ये उभे राहिले आणि हा माहितीपट ज्यांच्यावर आहे त्या पी. के. नायर यांनी ते आपल्या हयातीत रीळ-रीळ जमवून वाढवले. आपल्याकडे मूकपटांच्या काळात सुमारे १७०० चित्रपट झाले, त्यांतील फारच थोडे शिल्लक आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर कोठेही नाही. कित्येक प्रती आगीत गेल्या नाहीत की पुरातही नाहीत. कृष्णधवल फिल्ममधली चांदी काढण्यासाठी माणसांनी त्या धुऊन टाकल्या. जळगावच्या सराफ्यात वावरणाऱ्यांना ती चांदी किती क्षुल्लक असते हे ठाऊक असेल. याउलट फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे रिळे राहिली आणि नायर तेथे पोहोचले, म्हणून ‘कालिया मर्दन’ (१९१९) आज पाहता येतो. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा फाळक्यांचा स्वतःचा लघुपटही १९१७ चा आहे. आपल्या या विषयाचा उगम तो. रीळ टिकली म्हणूनच त्यात फाळके काम करताना दिसतात.

आपण आता एवढेच करावे. डबे उन्हापासून, चुलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, हवेशीर खोलीत हलवावेत. वासाचे डबे वेगळे ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. रीळ उलगडू नये, प्रोजेक्टरवर चढवू नये, एसटीने किंवा कुरिअरने पाठवू नये. डब्यांवरील चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आजच लिहावे आणि ते सांगतील तसेच करावे. फिल्म आपल्या घरात आहे म्हणून तिचे हक्कही आपले होत नाहीत, हे त्या पेन ड्राइव्हवाल्याने सांगितले नसेल. माहितीपटाचा विचार करण्यापूर्वी तोही सल्ला घ्यावा.

प्रश्न (शिरपूर) : एका क्लासमध्ये दहा माहितीपट दाखवून प्रमाणपत्र आणि इंडस्ट्रीत हमखास काम देतात. फी भरावी का?

भरू नये. हमखास काम देणारे प्रमाणपत्र या क्षेत्रात अस्तित्वात नाही. माहितीपट घरीही पाहता येतात : छायालेखनासाठी ‘व्हिजन्स ऑफ लाइट’ (१९९२), संकलनासाठी ‘द कटिंग एज’ (२००४), फिल्म आणि डिजिटल या वादासाठी ‘साइड बाय साइड’ (२०१२), ध्वनीसाठी ‘मेकिंग वेव्ह्ज’ (२०१९). प्रत्येक माहितीपट दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा वही घेऊन. ‘साइड बाय साइड’मधली यंत्रांची चर्चा जुनी झाली आहे, पण वादाचे मुद्दे अजून शिळे झालेले नाहीत. शिक्षणच घ्यायचे असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची चौकशी थेट त्यांच्याकडेच करावी, दलालाकडे नाही.

प्रश्न (रावेर) : हे सगळे टेलिग्रामवर फुकट मिळतात. लिंक पाठवू का?

पाठवू नये.