उसाच्या ट्रॉलीचा अपघात आणि आबांचं मृत्युपत्र

प्रश्न : भाऊ गवंडीकाम करतो, वय 34. रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. उजव्या पायाची नडगी मोडली, रॉड टाकलाय. ट्रॅक्टरमालक म्हणतो, पन्नास हजार घ्या अन् मिटवा. काय करावं? (एक वाचक, माजलगाव)

उत्तर : मिटवामिटवीच्या बाँडवर तूर्त सही करू नका. पन्नास हजार ही रक्कम किती तोकडी आहे, ते हिशोबातच दिसेल. भावाची कमाई महिना 15,000 धरू. वय 40 च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 21,000, वर्षाचे 2,52,000. कमाईची ताकद 30 टक्के घटली असं न्यायाधिकरणाने (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाने) मानलं, तर वर्षाचं नुकसान 75,600. चौतिसाव्या वर्षाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या नुकसानीला गुणायचा आकडा) 16. झाले 12,09,600. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेला त्रास यांचे पैसे वेगळे.

यातला 30 चा आकडाच खरा वादाचा. प्रमाणपत्रावर ‘पायाचं अपंगत्व 40 टक्के’ असतं; ते कमाईच्या नुकसानीत जसंच्या तसं धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केलंय, की त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. दुकानात बसणाऱ्याचं कमी बुडतं, परांचीवर चढणाऱ्याचं जास्त. म्हणून उपचार संपल्यावरच प्रमाणपत्र घ्या, आणि ते देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होईल हे वकिलाकडून पक्कं करा. नुसता कागद जोडला की विमा कंपनी त्यालाच हरकत घेते.

गवंड्याकडे पगारपत्रक कुठून असणार? बांधकाम कामगार नोंदणीचं कार्ड, बँकेचं पासबुक आणि ठेकेदाराची साक्ष यांवर कमाई दाखवा.

आता दवाखान्याचे पहिल्या रात्रीचे कागद बघा. पोलिसांची कटकट नको म्हणून नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ असं सांगून बसतात. तेच केसपेपरवर उतरतं, आणि पुढे ट्रॉलीचा संबंधच नाकारला जातो. घटनास्थळ पंचनाम्यात दिवा आणि रिफ्लेक्टर नसल्याची नोंद आहे का, तेही तपासा. मागून धडक असल्याने भावाचीही काही टक्के चूक काढतील आणि तेवढी रक्कम कापतील. त्याचं लायसन्स जोडाच. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींचे नंबर आणि विम्याचे कागद स्वतंत्र मागवा. पॉलिसी फक्त शेतीकामाची निघाली तर कंपनी हात वर करते. पण ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेशही होऊ शकतो.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात जिल्ह्याबाहेर झाला असला तरी तुम्ही राहता तिथे करता येतो. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिने. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

प्रश्न : आबांचं वय 72, शेत सहा एकर. सगळं धाकट्याच्या नावे करायचं म्हणतात. शंभराच्या बाँडवर मृत्युपत्र चालेल का? बहिणीची सही लागते का? (एक वाचक, औसा)

उत्तर : बाँड लागतच नाही, साधा कागद चालतो. बहिणीची सहीही नको. आबांची सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्या दोघांनी आबांसमोर सह्या कराव्यात. पुढे वाद झाला तर त्यांतला किमान एक कोर्टात लागतो, म्हणून आबांच्या वयाचे सोबती नकोत, आणि धाकटाही नको. नोंदणी सक्तीची नाही; तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या.

खरी अडचण वेगळीच. जमीन आबांनी खरेदीखताने घेतली असेल तर ती कुणालाही देता येते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र चालतं, आणि 2005 पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. जमीन नेमकी कशी आली हे आजच्या सातबाऱ्यावरून कळत नाही. तहसीलमधून जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) आणि 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक (तेव्हा जमीन कुणाकडे होती याची नोंद) काढा.

आबांच्या पश्चात मृत्युपत्राचा फेरफार टाकताना सगळ्या वारसांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. बहीण बहुधा तिथेच उभी राहील.