डॉक बॉग्स कोण होता आणि ऐकायला कुठून सुरुवात करू?

बॉग्स म्हणजे बँजो वाजवत गाणारा अमेरिकन लोकगायक. आधी एक सांगतो, आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बेंजो वेगळा, तो बटणांचा, बुलबुल तरंगाच्या जातीतला. बॉग्सचा बँजो म्हणजे गोल, कातडं ताणलेला, तारा छेडून वाजवायचा.

बॉग्स १८९८ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात नॉर्टनजवळ जन्मला, पोरवयातच कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तिकडचे बरेच जण बोटाच्या नखाने तारेवर वरून खाली मारायचे, हा मात्र अंगठा आणि दोन बोटांनी एकेक तार खालून वर उचलायचा, त्यामुळे बँजो जवळजवळ गळ्यामागोमाग तीच चाल गातोय असं वाटतं. कृष्णवर्णीय वादकांचं ऐकून ऐकून त्याने ब्लूज, म्हणजे त्यांचं दुःखाचं गाणं, उचललेला, तो कोरडा, जरा भीतीदायक आवाज त्यातूनच आला असावा.

१९२७ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन ब्रन्स्विक कंपनीसाठी त्याने ८ गाणी रेकॉर्ड केली, १९२९ ला अजून ४, आणि मग मंदी आली, सगळं ठप्प. बायकोलाही हे गाणंबजावणं पसंत नव्हतं, बँजो गहाण पडला आणि गडी पुन्हा खाणीत. १९६३ ला माइक सीगर या लोकसंगीत गोळा करणाऱ्या गायक-वादकाने त्याला शोधून काढलं, तेव्हा तो रिटायर झालेला, पण बँजो परत हातात! मग न्यूपोर्टचा लोकसंगीत फेस्टिव्हल, फोकवेज या रेकॉर्ड कंपनीच्या एलपी वगैरे. १९७१ मध्ये गेला, तोही ७३ व्या वाढदिवसालाच.

सुरुवात त्याच्या 'कंट्री ब्लूज' या गाण्यापासून कर, १९२७ चंच, खरखरीसकट.