तक्ता फाडून टाक

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

युद्धनीतीवरच्या तुझ्या निबंधाचा आराखडा पाहिला. एका रकान्यात महाभारत, दुसऱ्यात अशोक, तिसऱ्यात मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मचिंतक अक्वायनास आणि खाली ‘सगळ्यांचं सार एकच’. हा तक्ता आधी फाडून टाक. निःशस्त्राला मारू नये, हे बहुतेक सगळेच सांगतात. आपली बाजू जिंकत असताना प्रत्येक परंपरा आपल्याच माणसांना काय सुनावते, ते शोध.

भीष्मपर्वात युद्धाआधी दोन्ही पक्ष नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढावं, माघारी फिरलेल्यावर, शस्त्र गमावलेल्यावर वार करू नये, सारथी आणि भेरी-शंख वाजवणाऱ्यांना हात लावू नये. हे दाखवून ‘जिनिव्हा करार आमच्याकडे आधीच होता’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना शल्यपर्वापर्यंत घेऊन जा. भीम दुर्योधनाची मांडी फोडतो तेव्हा बलराम नांगर उगारून धावतो. आणि श्रीकृष्ण पांडवांना सरळ सांगतो की भीष्म, द्रोण, कर्ण धर्मयुद्धात तुमच्या हाती लागले नसते. विजेत्यांचा हिशेब इतका उघडा ठेवणारा ग्रंथ मला त्या नियमांहून मोलाचा वाटतो.

अशोकही असाच वाच. कलिंगात १ लाख माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, हे तेराव्या शिलालेखात तो स्वतःच नोंदवतो, हळहळतो. पण त्याच लेखात अरण्यातल्या लोकांना तंबीही आहे: पश्चात्ताप झाला तरी माझ्या अंगी बळ आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली-जौगडला, हा लेख कोरलेलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत. यावर एक अख्खं पान खर्च कर.

चीनचा विचारवंत मोत्झू कसा विसरलास? एकाला मारणं गुन्हा, मग परक्या राज्यावरची चढाई गौरवाची कशी, असं त्याने इ. स. पू. पाचव्या शतकात विचारलं. नुसतं विचारून थांबला नाही. चू राज्य सोंग राज्यावर चालून जाणार होतं तेव्हा त्याने चूच्या यंत्रकाराची वेढ्याची एकेक युक्ती हाणून पाडून दाखवली, अशी कथा आहे; मोत्झूचे शिष्य तर आधीच सोंगच्या तटावर उभे होते.

अक्वायनास थोडक्यात आटप: राज्यकर्त्याचा अधिकार, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. युद्ध पुकारणं योग्य का आणि लढण्याची रीत योग्य का, हे दोन प्रश्न मात्र तू एकत्र कालवले आहेस. अन्यायाच्या चढाईत उतरलेला, पण कैद्याला पाणी देणारा शिपाई दोषी की निर्दोष, यावर अभ्यासक आजही भांडतात. तुझं मत लिही. ‘दोघांचंही बरोबर’ असं लिहून आणलंस तर कागद परत करीन.