खाजगी कंपनीत जास्त नवं संशोधन होतं की शेअर बाजारात लिस्ट झालेल्या?

मालकाला दम असेल तर खाजगी कंपनीत, माझं तरी हेच मत. गोव्यात वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत एका औषध कंपनीच्या आर अँड डीत, म्हणजे संशोधन विभागात, बरीच वर्षं काढलीत म्हणून बोलतोय.

आधी कंपनी एका कुटुंबाची होती. आम्ही सस्टेन्ड रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळीवर काम करत होतो, पण दमट हवेत कोटिंग मऊ पडायचं आणि औषध ठरल्यापेक्षा लवकर सुटायचं. प्रत्येक वेळी फॉर्म्युला बदलला की गोळ्या टिकतात का ते बघायला परत स्टॅबिलिटी चेंबरमध्ये, ४० डिग्री, ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने, यात घाई करताच येत नाही. मालक स्वतः लॅबमध्ये येऊन डिझोल्यूशनचा, म्हणजे औषध किती वेगाने सुटतं त्याचा ग्राफ बघायचे आणि "परत लावा" एवढंच म्हणायचे.

मग कंपनी लिस्ट झाली. सहा महिने म्हणजे दोन तिमाही निकाल! त्यात संशोधनाचा खर्च त्याच तिमाहीच्या नफ्यातून जातो, मशीन घेतलं तर तो वर्षानुवर्षं विभागता येतो, म्हणजे निकालात आम्हीच डोळ्यावर येणार. आमचं काम बंद करून बाहेरून तयार फॉर्म्युला लायसन्सवर घेतला आणि चांगली चांगली पोरं एकेक करून सोडून गेली. अर्थतज्ज्ञ शाय बर्नस्टीन यांच्या २०१५ च्या पेपरात अमेरिकन कंपन्यांबद्दल हेच आहे, आयपीओनंतर, म्हणजे कंपनी लिस्ट झाल्यावर पेटंटचा दर्जा घसरतो, संशोधक सोडून जातात आणि कंपनी बाहेरून तंत्रज्ञान विकत घेते.

आमचे भावोजी म्हापशाला शेअरचं काम करतात, त्यांचं एकच, मार्केट शिस्त लावतं. अहो, जर्मनीतल्या मूळ बॉश कंपनीचा ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा एका धर्मादाय संस्थेकडे आहे, त्या कंपनीने १९७८ साली चाकं लॉक होऊ न देणारा एबीएस ब्रेक गाड्यांत आणलाच ना? कुठल्या मार्केटने शिस्त लावली?

हां, ॲमेझॉन १९९७ ला लिस्ट झाली आणि पूर्ण वर्षाचा नफा थेट २००३ ला दाखवला, तरी नवं करत राहिली, कारण संस्थापकाची पकड होती. आणि चिकट मालक खाजगी कंपनीतही लॅबला कुलूप लावतो. अगदी नवीन औषध शोधायचं तर बऱ्याचदा बाजारातून पैसा उभारावा लागतो, तेही खरं.

तुम्ही नोकरीसाठी विचारत असाल तर इंटरव्ह्यूत विचारा, प्रोजेक्ट बंद करायचा निर्णय कोण घेतं, लॅब ओळखणारा माणूस की फायनान्सवाले. शेअर घ्यायचा असेल तर गेल्या पाच वर्षांत कंपनीच्या स्वतःच्या लॅबमधून काय बाहेर पडलं ते बघा. चवथीला भावोजींना त्यांच्या आवडत्या कंपनीबद्दल मी हेच विचारलं, तर ते परत शेअरच्या भावावरच आले.