मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत गेलेल्या एखाद्या साध्या प्रवाशाच्या कुटुंबाचे पुढे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर मी जॉन हाऊलंड आणि एलिझाबेथ टिली या दांपत्याच्या आधारे देतो, कारण या जहाजातून आलेल्या इंग्रजांनी आजच्या मॅसॅच्युसेट्समध्ये वसवलेल्या प्लिमथ वसाहतीत संसार कसे उभे राहिले हे त्यांच्या घरावरून फार स्पष्ट कळते.

१६२० मध्ये जॉन जहाजावर चढला तो जॉन कार्व्हर यांचा नोकर म्हणून. भर समुद्रात वादळ चालू असताना तो डेकवर आला आणि जहाज कलंडताच पाण्यात फेकला गेला. शिडाचा एक दोर बाहेर लोंबत होता, तो त्याने घट्ट धरला आणि पाण्याखाली खोल जाऊनही सोडला नाही, म्हणूनच खलाशांना त्याला वर ओढून घेता आले. जॉनविषयी बहुतेक ठिकाणी एवढाच प्रसंग सांगितला जातो. मला मात्र एलिझाबेथची हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. जेमतेम १३ वर्षांची ही मुलगी आईवडील आणि काका-काकूंबरोबर आली होती, आणि पहिल्याच हिवाळ्यात चौघेही दगावले. १०२ प्रवाशांपैकी निम्मे लोक त्या काही महिन्यांत गेले. वसाहतीचे पहिले गव्हर्नर झालेले कार्व्हर १६२१ च्या वसंतात वारले, पाठोपाठ त्यांची पत्नीही. धनी गमावलेला नोकर आणि ही पोरकी मुलगी यांचे लग्न पुढे दोन-तीन वर्षांत झाले.

१६२७ मध्ये वसाहतीच्या सामाईक गुरांची वाटणी झाली, तेव्हा तेरा-तेरा माणसांचे गट पाडण्यात आले. हाऊलंडच्या गटाच्या वाट्याला ‘रॅगहॉर्न’ नावाची कालवड आली, आणि त्या यादीत नवरा-बायकोबरोबर डिझायर व जॉन या मुलांचीही नावे आहेत. त्यांना एकूण दहा मुले झाली आणि दहाही जगून संसाराला लागली, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. ही सारी वस्ती तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांच्या पटक्सेट गावाच्या जागी उभी होती आणि ते गाव काही वर्षांपूर्वीच साथीने ओस पडले होते, हेही इथे सांगायलाच हवे.

एलिझाबेथला कित्येक पिढ्या कार्व्हर यांच्या घराण्यातली समजत असत. कार्व्हर यांच्यानंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हरवलेले हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडले, आणि त्यातील नोंदीवरून ती जॉन टिली यांची मुलगी असल्याचे सिद्ध झाले. जॉन हाऊलंड १६७३ मध्ये वारला. एलिझाबेथ १६८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्वान्झी येथे, लिडिया या मुलीकडे. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष याच दांपत्याचे वंशज आहेत.