वाचकांचे प्रश्न : नीलम जमिनीत कसा तयार होतो?

प्रश्न : निपाणीजवळ आमच्या शेतात विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत निळसर, अर्धपारदर्शक खडा मिळाला. घरचे म्हणतात, नीलमच आहे. बाई, नीलम जमिनीत तयार कसा होतो? आपल्या भागात तो मिळेल का?

उत्तर : खडा मी पाहिलेला नाही, पण तुम्ही सांगता त्या जागेवरून तो गारगोटीच्या जातीचा असावा असं मला वाटतं. निपाणी-चिकोडीकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना आत अडकलेल्या वायूंमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांत सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, साचली. असे निळसर झाकेचे खडे विहिरींच्या मुरमात पुष्कळ निघतात आणि दिसतातही सुरेख. नीलमाला मात्र सिलिका मुळीच चालत नाही.

नीलम हे कुरुंद नावाचं खनिज. त्यात ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन, एवढाच मामला. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या खालोखाल ॲल्युमिनियमच आहे, तेव्हा तुटवडा त्याचा नाही. पण जवळ सिलिका असली की ॲल्युमिनियम तिच्याशी जोडला जातो आणि फेल्डस्पार, अभ्रक अशी सर्वसाधारण खनिजं तयार होतात. कुरुंद व्हायचा तर सिलिका कमी पडायला हवी आणि खोलवरची प्रचंड उष्णताही हवी.

जम्मू-काश्मीरच्या पाडर भागात हे कसं घडलं ते फार सुंदर आहे. तिथे खोलवर सिलिका कमी असलेला खडक होता. त्याच्या भेगांत ग्रॅनाइटच्या जातीचा तप्त रस घुसला. आजूबाजूच्या खडकाने त्या रसातली सिलिका ओढून घेतली आणि मागे राहिलेल्या ॲल्युमिनियमचे स्फटिक वाढले. लोह आणि टायटॅनियम नावापुरते मिसळले. नुसत्या टायटॅनियमने खडा बिनरंगीच राहतो. दोन्ही शेजारी आले की त्यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, प्रकाशातला तांबडा-पिवळा भाग शोषला जातो आणि आपल्याला निळा दिसतो. १८८१ च्या सुमारास सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर दरड कोसळली, तेव्हा हे खडे उघड्यावर आले. थायलंड, ऑस्ट्रेलियात नीलम बेसाल्टबरोबर वर आला हे खरं, पण तो त्या लाव्ह्यात जन्मलेला नाही. खोलवर आधीच तयार झालेले स्फटिक लाव्ह्याने वाहून आणले, आणि तो बेसाल्टही आपल्या दख्खनपेक्षा वेगळ्या जातीचा.

आता आपल्या बेळगावचं बघा. जांभ्याच्या पठारांवर पावसाने लाखो वर्षं खडकातली सिलिका धुऊन नेली आणि मागे बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, राहिला. म्हणजे सिलिका काढून टाकण्याचं काम इथे निसर्गाने केलेलंच आहे! कमी पडली ती उष्णता. उघड्यावर, पाण्याच्या संगतीत ॲल्युमिनियम पाणी धरून बसतो आणि मातकट, मऊ खनिज होतं. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर असाच बॉक्साइट जमिनीखाली गाडला गेला, तापला, आणि त्यातून कुरुंद झाला. रत्नाचा नव्हे, घासकामाचा. बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरीशुभ्र पूड काढतात, तिचं रासायनिक सूत्र नीलमाचंच. वर्गात मी त्या पुडीची बाटली आणि म्हैसूरकडचा करडा कुरुंद शेजारी ठेवून मुलांच्या हातात द्यायची. दोन्ही एकच आहेत हे पटायला मुलांना वेळ लागायचा, आणि पटलं की प्रश्नांचा भडिमार व्हायचा.

तुमच्या खड्याची खात्री घरच्या घरी होईल. चाकूने ओरखडा काढून उपयोग नाही, गारगोटीवरही तो उठत नाही. सराफाच्या काट्यावर खडा आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोला. हवेत १० ग्रॅम भरणारी गारगोटी पाण्यात सव्वासहा ग्रॅमच्या आसपास भरते, नीलम साडेसात.

प्रश्न : मुलाच्या साडेसातीसाठी शहापुरातून नीलम घेतला. आता कळतं की तो ‘तापवलेला’ आहे. आमची फसवणूक झाली का? (वाचक, खानापूर)

उत्तर : तापवलेला म्हणजे खोटा नव्हे. श्रीलंकेतले दुधाळ खडे सुमारे १६०० अंशांना तापवले की आतल्या रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाच्या बारीक सुया विरघळतात, त्यातला टायटॅनियम मोकळा होतो आणि रंग खुलतो. खडा जमिनीतलाच असतो. मात्र विकताना हे सांगायलाच हवं, कारण न तापवलेल्या चांगल्या खड्याची किंमत बरीच जास्त असते. न सांगता त्या भावाने दिला असेल तर तुम्ही जाब विचारा, संकोच करू नका.

कारखान्यात बनवलेला नीलम ही वेगळी बाब. ज्योतीत पूड वितळवून केलेल्या खड्यात दहापट भिंगाखाली रंगाचे पट्टे कमानीसारखे वळलेले दिसतात. जमिनीत वाढलेल्या खड्यात ते सरळ असतात आणि एकमेकांना १२० अंशांच्या कोनात भेटतात. खडा पांढऱ्या कागदावर उताणा ठेवा, बाजूने उजेड पाडा आणि हळूहळू फिरवा. पट्टे दिसले नाहीत तर अंदाज बांधू नका, रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा दाखला घ्या.