स्पॅनिशमधलं रडणं आणि कुरकुर

प्रश्न : स्पेनमधल्या फुटबॉलच्या चर्चांमध्ये ‘आ योरार आ ला योरेरीआ’ हे वाक्य फार येतं. आपण वापरलं तर चालेल का?

उत्तर : ‘योरार’ म्हणजे रडणं. ‘लिब्रेरीआ’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. त्याच धर्तीवर ‘योरेरीआ’, म्हणजे रडण्याचं दुकान. तिकडे जाऊन रड, इथे नको, असा त्याचा रोख. सामना हरल्यावर पंचाला बोल लावणाऱ्या मित्राला खुशाल म्हणा. ज्याचं खरंच नुकसान झालंय किंवा जो वयाने मोठा आहे त्याला म्हटलंत, तर तो थेट अपमान होतो. अर्जेंटिनात लोक रडायला ‘काम्पितो’वर, म्हणजे माळावर पाठवतात. तिथल्या ब्युनोस आयर्समध्ये ‘योरार’चा उच्चार ‘शोरार’ होतो, त्यामुळे नवशिक्याला शब्द ओळखूच येत नाही.

स्पेनमध्ये रडक्याला ‘योरीका’ आणि सतत कुरकुरणाऱ्याला ‘केखीका’ म्हणतात. पुरुष असो वा बाई, रूप तेच. ‘चियार’पाशी मात्र जपा. मेक्सिकोत त्याचा अर्थ रडणं, स्पेनमध्ये किंचाळणं.

प्रश्न : स्पेनमध्ये हॉटेलात तक्रार करायची तर काय म्हणायचं?

उत्तर : नुसतं गाऱ्हाणं सांगायचं तर ‘केखार्से’, आणि त्याला ‘दे’ जोडायला विसरू नका : ‘मे केखो देल रुईदो’, आवाजाचा त्रास होतोय. पैसे परत हवे असतील तर एवढ्यावर भागत नाही. तिथे ‘रेक्लामार’ हे क्रियापद लागतं. ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’ मागा. हा तक्रारीचा अधिकृत छापील अर्ज आहे. तारीख, घडलेली गोष्ट आणि नेमकी मागणी लिहा, बिलाची प्रत जोडा, तुमची प्रत घेतल्याशिवाय निघू नका. चिडून पानभर लिहिलं की मागणी त्यात हरवते. ‘तक्रारी माएस्त्रो आर्मेरोकडे’ असं उत्तर आलं, तर ती टोलवाटोलवी समजा. हा लष्करातला शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्याकडे गाऱ्हाणं नेऊन उपयोग काय? अशा वेळी मागे हटू नका. ‘किएन नो योरा, नो मामा’ ही म्हण त्यांचीच आहे, आणि रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही हे आपल्याकडेही म्हणतातच.

प्रश्न : ग्रॅनाडाजवळच्या ‘सुस्पीरो देल मोरो’, म्हणजे ‘मूराचा उसासा’, या खिंडीची गोष्ट खरी का?

उत्तर : खिंड खरी आहे, ग्रॅनाडाहून मोत्रीलकडे जाणाऱ्या वाटेवर. 2 जानेवारी 1492 रोजी ग्रॅनाडाचा शेवटचा मूर, म्हणजे मुस्लिम, राजा बोआबदील याने शहर ख्रिस्ती राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या हवाली केलं, हाही इतिहास. तो खिंडीतून मागे वळून रडला आणि आई म्हणाली, ‘जे मर्दासारखं राखता आलं नाही, त्यासाठी आता बाईसारखं रड’, ही मात्र नंतर रुजलेली दंतकथा. ते वाक्य हरलेल्याला आजही ऐकवतात. तुम्ही ऐकवू नका. बायकांना आणि रडणाऱ्याला, दोघांनाही ते हिणवतं.

प्रश्न : ‘सान लोरेन्सोचे अश्रू’ म्हणजे काय?

उत्तर : ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव. या संताचा सण 10 ऑगस्टला. वर्षावाचा जोर 12-13 ऑगस्टच्या सुमारास. मध्यरात्रीनंतर शहराच्या उजेडापासून दूर जा, डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या. दुर्बीण नको, तिच्यातून आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो. चंद्र मोठा असेल त्या वर्षी फक्त ठळक उल्काच दिसतील.